टीप कुणासाठी?

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. पहिल्या पगारातून चार जणांना जेवायला नेलंस, संध्याकाळ छान गेली, आणि तरी घरी आल्यावर डोक्यात राहिलं ते बिल आल्यानंतरचं बोलणं. एक जण म्हणाला, "एवढी टीप कशाला? त्यांनी त्यांचं काम केलं." दुसरी म्हणाली, "इतकीच? बरं नाही दिसत." तू दोघांच्या मधला काहीतरी आकडा काढलास, नोट ठेवलीस, फोल्डर मिटलंस, आणि आता मला विचारलं आहेस की टीप नेमकी किती द्यावी.

किती, ते सांगेन. पण पत्र पुन्हा वाचलं तेव्हा एक गोष्ट खटकली. त्यात सोबतचे दोघं आहेत, शेजारच्या टेबलावरची माणसं आहेत, तुझी झालेली कुचंबणा आहे. वेटर कुठेच नाही. तो होता की ती, दमलेला होता का, नीट बोलला का, यावर एक ओळही नाही. टीप त्याच्या हातात पडली खरी, पण ठेवली गेली ती सोबतच्या दोघांसाठी. मला याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे, कारण टीप कुणासाठी आहे हे मनाशी पक्कं झालं की किती, केव्हा आणि कशी हे प्रश्न बरेचसे सोपे होतात.

मी बरीच वर्षं रेस्टॉरंटच्या गल्ल्यावर काढली. ग्राहकाला बिलापर्यंतचं दिसतं, मला त्यानंतरचं दिसायचं. माणसं फोल्डर ठेवून उठतात. चांगला वेटर ते लगेच उघडत नाही. मंडळी दारापर्यंत पोचेस्तोवर तो ग्लास उचलतो, टेबलावरून फडकं फिरवतो, खुर्च्या आत सरकवतो. मग पाठमोरा होऊन अंगठ्याने फोल्डर जरासं उघडतो. जे काही असेल ते चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, हे त्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं असतं, कारण पलीकडच्या टेबलाचं बिल अजून व्हायचं असतं. फोल्डर गल्ल्यावर येतं, बिलाचे पैसे गल्ल्यात जातात आणि वरचे डब्यात.

शेवटचं टेबल उठलं, खुर्च्या उलट्या करून टेबलांवर चढल्या, की डबा उपडा व्हायचा. नोटा एका तोंडाने लावायच्या, नाण्यांच्या चळती करायच्या, आणि मग वाटणी. बऱ्याच ठिकाणी प्रत्येकाच्या हिश्श्याचे पॉइंट ठरलेले असतात. कॅप्टनचे, म्हणजे वेटरांवर देखरेख करणाऱ्याचे जास्त, वेटरचे त्याखालोखाल, पाणी भरणाऱ्या आणि टेबल पुसणाऱ्या हेल्परचे निम्मे. स्वयंपाकघराला द्यायचं का, याचं उत्तर दर ठिकाणी वेगळं. कुठे आचाऱ्यांना एक हिस्सा जातो, कुठे काहीच नाही. आणि मागे मोरीपाशी उभ्याने भांडी घासणारा माणूस, ज्याच्यामुळे तुला स्वच्छ ताट मिळालं, त्याचं नाव यादीत असलंच तर सगळ्यात खाली असतं.

दुसरी पद्धत म्हणजे ज्याच्या टेबलाची टीप त्याची. ऐकायला न्यायाची वाटते. प्रत्यक्षात खिडकीजवळची टेबलं कुणाला, मोठा ग्रुप कुणाला, हे ठरवणाऱ्याच्या हातात सगळ्यांची कमाई जाते, आणि नव्या माणसाच्या वाट्याला स्वयंपाकघराच्या दाराजवळची टेबलं येतात, जिथे कुणालाच बसायचं नसतं. वाटणीतही कुरबुरी असतात. जो धावधाव करतो त्याला वाटतं आपल्या जिवावर दुसरा खातोय. तरी मला एकत्र वाटणीच पटते. तुझ्यासमोर आलेलं ताट एका माणसाने आणलेलं दिसतं, पण ते अनेकांच्या हातून आलेलं असतं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की फोल्डरमध्ये ठेवलेला पैसा कुठे जातो हे ग्राहकाला ठाऊक नसतं, आणि बहुतेक जण विचारतही नाहीत. तू विचार. कार्डाने किंवा फोनवरून टीप दिलीस तर ती आधी मालकाच्या खात्यात जाते. तिथून ती सगळी पुढे जाते, थोडी जाते की तिथेच मुरते, हे मालकावर अवलंबून. हा प्रश्न इतका जुना आणि इतका सर्रास आहे की त्यासाठी कायदे करावे लागले. अमेरिकेत २०१८ पासून मालकाला आणि मॅनेजरला कर्मचाऱ्यांच्या टीपेतला हिस्सा ठेवून घ्यायला कायद्याने मनाई आहे. ब्रिटनने २०२३ मध्ये टीपवाटपाचा कायदा केला, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथल्या मालकांना टीपेची पूर्ण रक्कम काहीही न कापता कर्मचाऱ्यांना द्यावी लागते, तीही पुढचा महिना संपायच्या आत, आणि वाटणी कशी करतो याचं धोरण लेखी ठेवून. कायदा असला काय आणि नसला काय, तुझ्या हातात एक साधं वाक्य आहे. बिल आणणाऱ्याला हळूच विचारायचं, "कार्डावर दिली तर तुम्हाला मिळते ना? की रोख देऊ?" मोठ्याने नाही, मॅनेजर शेजारी उभा असताना तर नाहीच. उत्तर शब्दांत मिळालं नाही तरी नजरेत मिळतं. शंका असेल तर रोख, आणि शक्यतो हातात.

तसंच बिल नीट वाचायची सवय लाव. खाली दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात आणि लोक त्या एकच समजतात. कर सरकारचा असतो. सेवा शुल्क रेस्टॉरंटने स्वतः लावलेलं असतं, आणि ते वेटरला जातंच असं नाही. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या की सेवा शुल्क बिलात आपोआप धरायचं नाही, दुसऱ्या नावाने वसूल करायचं नाही, ग्राहकाने द्यायचं की नाही ते त्याच्या मर्जीवर. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना उचलून धरल्या. म्हणजे बिलात ते दिसलं तर काढून टाका म्हणायचा हक्क तुला आहे. पण हा हक्क वापरताना एक पथ्य पाळ. सेवा शुल्क काढायला लावून वाचलेले पैसे खिशात घालून निघून जायचं, आणि वर तत्त्वाची लढाई जिंकल्यासारखं बोलायचं, असं करणारे मी पाहिले आहेत. त्या रात्री नुकसान मालकाचं झालं नाही, टेबल सांभाळणाऱ्याचं झालं. शुल्क काढायला लावलंस तर तेवढीच रक्कम ज्याने वाढलं त्याच्या हातात दे.

आता तुझ्या मित्राचं म्हणणं: त्यांनी त्यांचं काम केलं, पगार मिळतोच की. हे म्हणणं चुकीचं आहे असं मी सरसकट म्हणणार नाही. पगार पुरेसा असेल तर ते बरोबरच आहे. पण तो पुरेसा आहे का, हे कुणीतरी बघायला हवं ना? अमेरिकेचं उदाहरण देते, कारण टीपेच्या भरवशावर पगार ठेवला की काय होतं ते तिथे सगळ्यात उघड दिसतं. यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनयान डब्यांत प्रवाशांच्या दिमतीला गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना मोठ्या संख्येने कामावर घेतलं. पगार तुटपुंजा, बाकीचं प्रवाशाच्या मर्जीवर. त्या माणसांना प्रवासी त्यांच्या नावाने हाकही मारत नसत. कंपनीचा मालक जॉर्ज पुलमन, म्हणून डब्यातला प्रत्येक पोर्टर 'जॉर्ज'. रात्रभर जागून बूट पुसणाऱ्या, बिछाने घालणाऱ्या माणसाने त्या हाकेला हसून ओ द्यायची, कारण सकाळी उतरताना मिळणारं नाणं त्या हसण्यावर ठरायचं. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या पोर्टरांनी संघटना उभी केली, आणि १९३७ मध्ये कंपनीला तिच्याशी करार करावा लागला. त्यांना हवा होता धड पगार आणि माणसासारखे कामाचे तास.

टीपेला विरोधही तिथेच जोरात झाला होता. १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने टीप देण्या-घेण्यावर कायद्याने बंदी आणली, मागोमाग आणखी काही राज्यांनीही आणली, आणि १९२६ पर्यंत ते सगळे कायदे मागे घेतले गेले. टीप राहिली आणि पुढे ती पगाराच्या हिशोबातच शिरली. १९६६ च्या दुरुस्तीने रेस्टॉरंटमधले कामगार किमान वेतनाच्या कायद्यात आले, पण त्यातला काही भाग टीपेतून वळता करून घ्यायची मुभा मालकांना मिळाली. आज तिथलं केंद्रीय किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे, आणि टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायची किमान रक्कम २.१३ डॉलर. ही दुसरी रक्कम १९९१ पासून एका सेंटनेही हललेली नाही. टीप कमी पडली तर उरलेलं मालकाने भरायचं असा नियम आहे, पण ते मागायला मालकासमोर उभं कोण राहणार? कॅलिफोर्निया, ओरेगॉन, मिनेसोटा अशा काही राज्यांनी ही सवलत ठेवलेली नाही, तिथे पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. बाकी ठिकाणी टेबलावर काही न ठेवता उठणं म्हणजे त्या माणसाच्या त्या दिवसाच्या पगारात कपात करणं.

उलट फ्रान्समध्ये सेवेचा मोबदला पदार्थाच्या छापील किमतीतच धरलेला असतो, वर काही ठेवलं तर ते खुशीचं. जपानमध्ये टीप द्यायची रीतच नाही. टेबलावर पैसे राहिले तर ग्राहक विसरला असं समजून वेटर ते परत द्यायला मागे येईल. तीच नोट एकीकडे पगार, दुसरीकडे आभार, तिसरीकडे अवघडलेपण. म्हणून नव्या गावात, नव्या देशात गेल्यावर आधी माहिती काढ की इथे टीप पगाराच्या जागी आहे की पगारावर आहे. आणि हे सोबत जेवणाऱ्यांना विचारू नकोस. त्या धंद्यात काम करणाऱ्याला किंवा कधीकाळी केलेल्याला विचार.

"चांगली सेवा दिली तर जास्त, वाईट दिली तर कमी" हे तू पत्रात लिहिलं आहेस, आणि जवळपास सगळेच असं मानतात. मला ते पटत नाही, आणि नुसत्या माझ्या अनुभवावरून नाही. कॉर्नेल विद्यापीठातले मायकेल लिन यांनी अनेक वर्षं टीपेचाच अभ्यास केला. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पुष्कळ पाहण्या एकत्र करून तपासल्या तेव्हा सेवेला ग्राहकाने दिलेले गुण आणि त्याने ठेवलेली टीप यांचा संबंध फारच क्षीण निघाला. टीपेतल्या चढउताराचा दोन टक्क्यांहूनही कमी भाग सेवेच्या दर्जाने उलगडतो. मग बाकीचं कशाने? १९८४ च्या एका प्रयोगात उरलेले पैसे परत देताना वेट्रेसने हाताला किंवा खांद्याला ओझरता स्पर्श केला तर टीप वाढली. १९९६ च्या एका प्रयोगात बिलाच्या मागे हसरा चेहरा काढून दिल्यावर स्त्रीची टीप वाढली, पुरुषाची नाही. आणखी काही पाहण्यांत कृष्णवर्णीय वेटरांना, सेवा तितकीच चांगली असूनही, गोऱ्यांपेक्षा कमी टीप मिळाल्याचं दिसलं. आपण सेवेला गुण देतोय असं आपल्याला वाटतं, आणि आपला हात चालत असतो रूपावर, रंगावर, आपल्या मूडवर. हे लक्षात आल्यावर मी एकच उपाय करते. टीपेचं प्रमाण घरून ठरवून निघते आणि टेबलावर बसल्यावर ते खाली आणत नाही. वाढवावंसं वाटलं तर वाढवते.

मग सेवा खरंच वाईट असेल तर? आधी वाईट काय होतं ते वेगळं करून बघ. जेवण उशिरा आलं तर बहुतेक वेळा ते स्वयंपाकघरात अडकलेलं असतं. चुकीचा पदार्थ आला तर कधी ऑर्डर घेताना चूक असते, कधी चिठ्ठी वाचताना. टेबलाकडे कुणी फिरकत नसेल तर बहुधा दोघांची टेबलं एकाला दिलेली असतात, कारण मालकाने माणसं कमी ठेवली आहेत. या कशाचाही निरोप कमी टीपेतून पोचत नाही. वेटरला एवढंच कळतं की आज कमी मिळाले. मालकाला काहीच कळत नाही, कारण त्याचं बिल पूर्ण भरलेलं असतं. तक्रार असेल तर मॅनेजरला बोलाव आणि नेमकं सांग: काय मागवलं, किती वेळ लागला, काय आलं. आवाज न चढवता सांगितलेली नेमकी तक्रार मी गल्ल्यावर बसून कधी दुर्लक्षिलेली नाही. आणि माणूस उर्मटच वागला असेल तर तेही मॅनेजरलाच सांगायचं. एखाद्या खेपेला टीप अजिबात द्यावीशी वाटली नाही तर देऊ नकोस, तो तुझा हक्क आहे. पण एक फुटकं नाणं मुद्दाम मधोमध ठेवून जाणं, हे कधीही करू नकोस. काही जणांना त्यात मोठी गंमत वाटते. त्या नाण्याकडे बघत उभं राहिलेलं माणूस मी पाहिलं आहे.

टीप देणाऱ्याच्या मनात हळूहळू एक समजूत घर करते, आणि ती तुझ्यात शिरू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. समजूत अशी, की मी टीप देतो, म्हणून समोरच्याने माझं ऐकून घ्यायचं. चुटकी वाजवून बोलवायचं. "ए, इकडे" म्हणायचं. वयाने वडिलांएवढ्या माणसाला एकेरीत बोलायचं. एकच गोष्ट तीनदा बदलायला लावायची आणि वर त्याने हसावं अशी अपेक्षा ठेवायची. मुलगी वाढत असेल तर कुठे राहतेस, किती वाजता सुटतेस असे प्रश्न. ती उत्तर टाळते, हसते आणि ग्लास भरून निघून जाते. टेबलावरच्यांना वाटतं तिला आवडलं. तिला आवडलेलं नसतं. बिल व्हायचं असतं. आमच्याकडे अशा टेबलांवर कॅप्टन मुद्दाम दुसऱ्याला पाठवायचा, पण मग त्या टेबलाची टीप तिच्या हातून जायची, म्हणून काही जणी स्वतःच "राहू दे, मी बघते" म्हणायच्या. ज्याची रोजची कमाई ग्राहकाच्या खुशीवर ठरते त्याला नाही म्हणणं किती महाग पडतं, हे त्या चार शब्दांत मला कळायचं.

म्हणून सोबत बसलेलं कुणी असं वागत असेल तर तिथेच, टेबलावरच, हळू आवाजात थांबव. नंतर भरघोस टीप ठेवून भरपाई होते असं समजू नकोस. वेटरच्या छातीवर नावाची पट्टी असेल तर ते नाव वाचून "अहो" म्हण. पदार्थ ठेवताना बोलणं क्षणभर थांबव, डोळ्यांत बघून थँक्यू म्हण. लहान मुलांनी खाली सांडलं असेल तर कागदाने थोडं गोळा कर. यासाठी पैसे लागत नाहीत, आणि पैसे दिले म्हणून यातून सूटही मिळत नाही.

आता सोबतच्या लोकांचं. चार माणसं बसली की टीप ही आपोआप एक परीक्षा होऊन बसते. जास्त ठेवली तर दिखावा, कमी ठेवली तर कंजूषपणा. यातून सुटायचा रस्ता साधा आहे. चर्चेला जागाच ठेवायची नाही. बिल तुझं असेल तर फोल्डर तुझ्याकडे घे, ठरलेलं प्रमाण ठेव, मीट आणि बोलणं पुढे चालू ठेव. कुणी "किती ठेवलीस?" विचारलं तर "ठेवली व्यवस्थित" एवढं पुरे. आकडा मोठ्याने सांगू नकोस, नोट वर धरून दाखवू नकोस, वेटरला सगळ्यांसमोर "घे, तुझ्यासाठी" म्हणू नकोस. त्याला ते पैसे हवे असतात, प्रेक्षक नको असतात.

बिल वाटून घेणार असाल तर टीप आधीच बेरजेत धरून मग भागाकार करा. नंतर "आता टीपेचं बघा" म्हटलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतो आणि जमतात ती सुट्टी नाणी. दुसऱ्याने जेवायला नेलं असेल तर टीप त्याची, त्यात तोंड घालायचं नाही. फारच कमी ठेवली आहे असं दिसलं तर निघताना मागे रेंगाळून आपली नोट आत सरकवता येते. यजमानाला ते कळता कामा नये. कुणाला पहिल्यांदाच भेटत असशील आणि छाप पाडायची इच्छा असेल, तर ती टीपेतून पाडू नकोस. समोरच्या माणसाने तुझ्याबद्दल मत बनवायला तू वेटरशी कसं बोललंस एवढं पुरेसं आहे.

हल्ली पैसे भरायच्या मशीनवर टीपेची तीन बटणं येतात आणि वेटर मशीन धरून समोर उभा असतो. त्या बटणांवरचे आकडे दुकानदाराने निवडलेले असतात, आणि घाईत माणूस मधलं दाबतो. घाबरायचं कारण नाही. वेगळी रक्कम टाकायची सोय बहुतेक ठिकाणी असते. तू घरून ठरवलेलं प्रमाण तिथे टाक. काउंटरवर उभं राहून स्वतः ट्रे उचलला असेल, किंवा बांधून घेऊन निघालं असशील, तर तिथे काही न देता बटण पुढे सरकवण्यात गैर नाही.

आकडा. जिथे टीप हीच पगार आहे तिथे तिथला चालू दर धर, अमेरिकेत तो साधारण १५ ते २० टक्के आहे. जिथे ती पगारावरची भर आहे तिथे मी कर सोडून बिलाच्या १० टक्के धरते. पण टक्क्यांची पूजा करू नकोस. महागडं ताट उचलायला स्वस्त ताटापेक्षा जास्त कष्ट पडत नाहीत. उलट एकट्याने बसून थोडंसंच मागवलं आणि गप्पांत, वाचनात, कामात टेबल दोन तास अडवून ठेवलं तर बिल छोटं होतं, पण वेटरच्या हातून त्या वेळात दुसरं टेबल गेलेलं असतं. तेव्हा टक्के विसर आणि वेळ बघ. मोठा ग्रुप, लहान मुलं, आजारी किंवा वृद्ध माणूस सोबत, बंद व्हायच्या वेळेला जाणं, सणासुदीच्या रात्री जाणं, यातलं काही असेल तर वर भर घाल. आणि ज्या महिन्यात हात आखडता असेल त्या महिन्यात टीप धरून जिथे परवडेल तिथे जा. टीप वगळून परवडणारी जागा निवडली की ती कपात आपण दुसऱ्याच्या खिशातून करतो.

तुला वाटेल, मग मी टीपेच्या बाजूची आहे. नाही. माझं प्रामाणिक मत असं की हा सगळा पैसा पदार्थाच्या किमतीत असावा, पगार मालकाने द्यावा आणि कुणाचं घरभाडं माझ्या मूडवर ठरू नये. हे करून बघायचा एक मोठा प्रयत्न न्यूयॉर्कमध्ये झाला. तिथले रेस्टॉरंट-मालक डॅनी मेयर यांनी २०१५ मध्ये जाहीर केलं की त्यांच्या रेस्टॉरंटमध्ये टीप बंद होईल, किमती वाढतील आणि त्यातून सगळ्यांना नीट पगार मिळेल. त्यांना विशेषतः बाहेर वाढणारे आणि आत रांधणारे यांच्या कमाईतली दरी बुजवायची होती. पण चांगली टीप मिळवणारे वेटर दुसरीकडे जाऊ लागले, आणि मेनूकार्डावरच्या किमती शेजारच्यांपेक्षा चढ्या दिसायला लागल्या, जरी शेजारी टीप धरून खर्च तेवढाच होत होता. २०२० च्या जुलैमध्ये, महामारीच्या काळात, त्यांनी टीप पुन्हा सुरू केली. मला यातून दिसतं ते असं की एकट्या मालकाच्या चांगुलपणाने हे जमत नाही. आजूबाजूचे सगळे त्याच नियमाने चालायला हवेत, म्हणजे कायदा हवा, आणि चढा आकडा बघून उठून न जाणारा ग्राहक हवा.

कायदा तुझ्या हातात नाही, ग्राहक होणं आहे. कुठे "आम्ही टीप घेत नाही, सेवा किमतीत धरली आहे" असं लिहिलेलं दिसलं तर किमती बघून मागे फिरू नकोस. मनातल्या मनात नेहमीची टीप शेजारच्या रेस्टॉरंटच्या बिलात मिळव आणि मग तुलना कर. पगाराचा कागद तुला कुणी दाखवणार नाही, पण वाढणाऱ्याला "इथे किती वर्षं आहात?" हे सहज विचारता येतं. माणसं टिकून आहेत असं दिसलं, तर पुढच्या वेळी तुझ्या मंडळींना घेऊन तिथेच जा, आणि कसं होतं ते मला लिहून कळव.

अनेक आशीर्वाद.